वर उत्तर असते

१५ जानेवारी १९६२, सोमवार

आजपासून नियमितपणे रोजनिशी लिहिण्याचा संकल्प केला आहे. भाषा शुद्ध ठेवणे. कोणाविषयीही तक्रार न लिहिणे.

चिंचधरा गावाच्या गायरानात सरकारी मोजणीवाल्यांचे तंबू लागले आहेत. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशा तयार करण्याचे काम आहे. प्रमुख मन्सूर साहेब, पुसदचे, तरुण, चष्मा लावणारे. नाले, टेकड्या व गावाच्या शिवा यांची माहिती असलेला एक जाणता मनुष्य पाठवावा, असा त्यांनी गावात निरोप धाडला आणि तो निरोप माझ्याकडे आला. हे स्वाभाविकच आहे. आमच्या वस्तीत माझ्या पिढीतील चौथी पास मी एकटा. आणि तीही शाळेच्या ओसरीखाली, उन्हात बसून झालेली. शिवाय गावाची शीव आमच्या वाडवडिलांनीच दाखवायची, अशी पूर्वापार रीत होती.

शेजारी उकंडा, माझा बालमित्र, अक्षरशत्रू. तो म्हणाला, "तुले काहून बलावलं, सांगू काय? बाकीचे समदे तुरीत गुतले हाये. रिकामा तूच दिसला."

तक्रार लिहावयाची नाही असे ठरले असल्याने याविषयी काही लिहीत नाही.

१८ जानेवारी

फोटो पाहिला. आजचा दिवस महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे गाव दक्षिणेस. आमची वस्ती उत्तरेस. दोहोंच्या कडेने नाला. प्रथम तो गावास लागतो, नंतर आम्हांस. गावाने भांडी घासावीत, गुरे धुवावीत आणि ते पाणी आमच्याकडे यावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. म्हणून आम्ही 'खालची वस्ती'. धम्म स्वीकारल्यास पाच वर्षे उलटली. देव्हारे गेले, मुलांची नावे बदलली, मेलेली जनावरे ओढणे बंद झाले. परंतु 'खालची वस्ती' हा शब्द गेला नाही. आम्हीही तोच वापरतो, ही खेदाची गोष्ट होय.

साहेबांनी फोटो मेजावर ठेवला. म्हणाले, "बाबा, वरची बाजू उत्तर." मी पाहिले. आमची वस्ती वर. गाव खाली. चांगले खाली, फोटोच्या पार तळाशी.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

नंतर लक्षात आले की साहेबांनी नाल्यावर पेन्सिलीने एक लहान बाण काढला आहे आणि त्याचे टोक वर आहे. म्हणजे पाणी खालून वर चढते! मी विनयपूर्वक चूक दाखवून दिली. भूगोलाचे नियम दोनच. नकाशात वर उत्तर असते. पाणी वरून खाली वाहते. अर्थ उघड आहे.

साहेब म्हणाले की नाला सध्या कोरडा, जागा सपाट, म्हणून त्यांनी लहान ओहोळांवरून ठरवले. दोन ओहोळ एकत्र येतात तेथे दुबेळक्यासारखा, म्हणजे दोन फांद्या फुटलेल्या काठीसारखा, आकार होतो, आणि ज्या बाजूस दुबेळक्याची दांडी त्या बाजूस पाणी जाते. मी म्हणालो, "साहेब, झाड पाहा. रस खोडातून फांद्यांकडे जातो, फांद्यांतून खोडाकडे येत नाही." चहा आला. मग त्यांनी विचारले, "बाबा, सच बताओ, पावसाळ्यात या नाल्याचं वाहणं तुम्ही स्वतः पाहिलंय?"

मी म्हणालो, "जन्मभर पाहत आलो आहे."

यात असत्य काय आहे? कोणत्या दिशेने, असे त्यांनी विचारले नाही.

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले, रबर घेतले आणि बाण फिरवला. जागा संशयाची असेल तेथे स्थानिक जाणत्याची साक्ष घ्यावी, असा त्यांच्या खात्याचा नियम आहे. नियम उत्तम आहे.

१९ जानेवारी

वस्तीस वृत्त कथन केले: यापुढे आपण वरची वस्ती. सरकारी कागदावर तसे आले आहे.

उकंडा म्हणाला, "मंग औंदा पूर आला का आपले भांडे गावात वाह्यत जातीन म्हन!" सर्व हसले. आणखी विचारतो, "अन अडान नदी तं तिकडे उत्तरेलेच हाये. मंग थिच्यात काय जाते?" मी शांतपणे समजावले की नदीत नाला जात नसून नदीतून नाला निघतो. "नागोराव," तो म्हणाला, "चौथीतच थांबला थे बरं झालं. पाचवीत तुनं सूर्य पश्चिमेकून काढला असता."

रुखमाबाईस (माझी पत्नी) वाटले होते तितका आनंद झाला नाही. तिचे शब्द जसेच्या तसे देतो, शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही: "वर म्हना का खाली म्हना. घागर तं मलेच आनाची हाये."

फाल्गुनात वस्तीची विहीर आटते. मग स्त्रिया नाल्याच्या वाळूत खड्डा करून त्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने भरतात. या दृष्टीने तिचे म्हणणे समजण्यासारखे आहे, परंतु उंची ही वेगळी गोष्ट आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

साहेबांच्या तंबूत दोन भिंगांची एक चौकट आहे. तिच्याखाली एकाच जागेचे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले की जमिनीचे चढउतार डोळ्यांसमोर उभे राहतात म्हणे. साहेब बाहेर गेले होते. मदतनीस इकबाल नकाशावर रेघा मारीत होता. फोटो मला अव्यवस्थित वाटले, म्हणून उजवीकडचा डावीकडे व डावीकडचा उजवीकडे असे नीट लावून पाहिले.

नाला शेताच्या वर भिंतीसारखा उभा! टेकडीच्या जागी खड्डा!

यंत्र सदोष आहे. इकबालला सांगितले. त्याने फोटो पुन्हा होते तसे ठेवले आणि म्हणाला, "चाचा, मेहरबानी करा, तिकडे बसा." तिकडे म्हणजे तंबूबाहेर.

सदोष यंत्रावरून काढलेल्या बाणापेक्षा माझा बाण अधिक विश्वसनीय आहे, हे आज सिद्ध झाले.

२६ फेब्रुवारी

मोजणीचा तळ बोरी अरबकडे हलला. निरोप देण्यास मी पांढरा सदरा घालून गेलो होतो. साहेब घाईत होते.

१ मार्च, सकाळ

आनंदाची वार्ता. आमच्या वस्तीसाठी बंधारा मंजूर! ब्लॉक ऑफिसचे ओव्हरसियर हरिसिंग सायकलीवर आले होते. तांड्यातील मुलगा, मॅट्रिक झालेला, बोलण्यात मोकळा. म्हणाले की पाणी तुमच्या दारात उभे राहील, विहीर उन्हाळाभर आटणार नाही. स्त्रियांनी त्यांना घेरले. रुखमाबाईने तीन वेळा विचारले, "दारात? खरंच दारात?" नवीन नकाशा हाती येताच जागा आखतील. पद्धत सोपी आहे: ज्यांना पाणी द्यावयाचे त्यांच्या खालच्या अंगाला बांध घालायचा, म्हणजे पाणी मागे तुंबते.

मी म्हणालो, नकाशा तयार करण्यात माझाही हातभार आहे. ते म्हणाले, "मंग तं काहीच घोर नाही, बाबाजी."

त्याच दिवशी, संध्याकाळ

खालच्या अंगाला.

नकाशाप्रमाणे खालचे अंग म्हणजे दक्षिण. म्हणजे गाव आणि वस्ती यांच्या मधोमध. म्हणजे गावाकडून येणारे पाणी तेथेच अडेल आणि गावाकडे तुंबेल. आमच्याकडे आज जे वाळूखाली झिरपते, तेही थांबेल.

पुन्हा विचार केला. पुन्हा तेच उत्तर आले.

जेवण गेले नाही. रुखमाबाईने विचारले, तर पोट बिघडले असे सांगितले. ती म्हणाली, "बंधारा होनार म्हनून मी तं दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

२ मार्च

बाण दुरुस्त करून घेण्याचा दृढ संकल्प. मात्र हे काम माझी साक्ष खोटी न ठरता झाले पाहिजे. यात माझा स्वतःचा प्रश्न नाही. उद्या आमच्या मुलांपैकी कोणी साक्ष दिली तर सरकार म्हणेल, यांचा शब्द फिरतो. म्हणून विचारपूर्वक पावले टाकावयाची आहेत.

पहिले पाऊल: नाल्यानेच स्वतः दिशा दाखवावी.

५ मार्च

ओव्हरसियर आज बाजारच्या वाटेने येणार, हे ठाऊक होते. त्यांच्या समक्ष नाल्यात पाणी ओतावे, ते उत्तरेकडे वाहील, हरिसिंग पाहतील, मला एक शब्दही बोलावा लागणार नाही, अशी योजना. घरातील रांजण रिकामा केला. उकंडाच्या घरूनही दोन घागरी, न विचारता.

हरिसिंग आले. मी म्हणालो, "जरा पाहावे." ओतले.

वाळूने पाणी पिऊन टाकले. सर्व. एक वीतही वाहिले नाही. कोणत्याच दिशेने नाही.

हरिसिंग सायकलीवरून न उतरता म्हणाले, "बाबाजी, झाड लावून राह्यले काय?"

दुपारी रुखमाबाई रांजणाजवळ बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "माह्या पान्याचं काय केलं?" मी म्हणालो, शास्त्रीय प्रयोग. ती म्हणाली, "सकाळपासून वाटीवाटीनं भरलं होतं म्या. पाठ मोडली माही. अन तुमी वाळूले पाजलं?" उकंडाची बायको पलीकडून जे बोलली ते लिहिण्यासारखे नाही.

प्रयोग अनिर्णीत.

९ मार्च

दुसरे पाऊल. उकंडाला सुचवले की त्यानेच जाऊन ओव्हरसियरना सांगावे, नाला गावाकडून वस्तीकडे येतो. अशिक्षिताने सांगितल्यास त्यात कोणाचा मानभंग नाही.

तो बिडी ओढत ऐकत होता. म्हणाला, "पोट्टंबी सांगन, पानी कोनीकून येते. पन साहेब मले पुसन, मंग नागोरावबुवानं तं उलटं सांगतलं? मंग मी काय सांगू? का तो म्हतारा खुळा हाये?"

मी म्हणालो, असे काही सांगण्याची गरज नाही.

"मंग काय सांगू?"

मी जाण्यास उठलो. तो म्हणाला, "गड्या, तूच जाय. एका वाक्याचं काम हाये. साहेब, मी चुकलो. तीन शब्द. तुले तं जोडाक्षरंबी येते, यात तं एकबी नाही."

उकंडाला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक आहे, याचे आश्चर्य वाटले.

१२ मार्च

उद्या बोरी अरबला जाणार.

१३ मार्च

पाऊल दुखत असल्याने गेलो नाही. कोणते, हे महत्त्वाचे नाही.

१९ मार्च, सोमवार

गेलो. कार्य सिद्धीस गेले!

मन्सूर साहेब शेतांत फिरतीवर होते. एका अर्थी बरे झाले. तंबूत इकबाल एकटाच होता. वाटेने मी वाक्य घोळवत गेलो होतो. असे वाक्य की ज्यात चूक कोणाची, हा प्रश्नच उद्भवू नये. ते असे: "मौजे चिंचधरा येथील नाल्याचा बाण उलट पडला आहे. तो फिरवावा."

इकबालने कागद काढला. विचारले, "किधर करू, चाचा? इधर का उधर?"

येथे मला सांगता आले असते. परंतु तसे सांगताच तो विचारणार, मग जानेवारीत असे का सांगितले. म्हणून मी म्हणालो, "सध्या आहे त्याच्या उलट."

"साहेबांना विचारू काय?"

मी म्हणालो, "मी या नाल्याकाठी जन्मलो आहे."

त्याने रबर घेतले, बाण फिरवला, त्यावर शाईने रेघही ओढली, म्हणजे आता पुसला जाणार नाही. मी चष्मा आणला नव्हता. आणि वाकून पाहणे मला प्रशस्तही वाटले नाही. खात्याचे काम खात्याने करावे.

चालत परत आलो. पाऊल दुखले नाही. रुखमाबाईस सांगितले की बंधारा दारातच होईल, काळजी करू नये. ती म्हणाली, "म्या कवा काळजी केली? तुमीच पंधरा दिवसापासून जेवून नाही राह्यले."

एका सुयोग्य वाक्याने किती कार्य होते!

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. निळे झेंडे, पताका, सायंकाळी सभा. मी भाषण केले. बंधाऱ्याचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. रुखमाबाई स्त्रियांत पुढे बसली होती.

२३ एप्रिल

हरिसिंग नकाशा, खुंट्या व चुना घेऊन आले. आम्ही सर्वजण नाल्यावर. मी पुढे. ते वस्तीच्या उत्तरेस जातील म्हणून मी तिकडे चालू लागलो. मागे पाहतो, तर कोणीच नाही. ते दक्षिणेस गेले होते. गाव आणि वस्ती यांच्या मधोमध चुन्याची रेघ पडत होती.

मी म्हणालो, "साहेब, बाण पाहा." त्यांनी दाखवला. बाण गावाकडे तोंड करून होता. शाईने.

मी म्हणालो, हे अशक्य आहे, मी स्वतः फिरवून घेतला आहे. ते म्हणाले, "हो ना. इकबालभाईनं सांगतलं मले. फेब्रुवारीतच मन्सूर साहेबानं शेजारचा फोटो पाह्यला, त्यात नाला अडान नदीले जाऊन भेटते. म्हनून त्यायनं आपल्या हातानं बाण नीट करून ठेवलता. मंग मार्चात गावातला कोनी बुजुर्ग खास पायी आला अन म्हने, उलटा हाये, फिरवा."

मी खाली बसलो. वाळू तापली होती.

मग मी सांगितले. स्पष्ट सांगितले की पाणी गावाकडून वस्तीकडे येते, बाण चूक आहे. स्त्रियांनीही सांगितले, सगळ्यांनी एकदम. रुखमाबाईने हरिसिंगांच्या सायकलीचे हँडलच धरले. "लेकरा, त्या बुढ्याचं नोको आयकू, माहं आयक. इकून येते पानी, इकून! आमी दिसभर त्याच नाल्यात बसून असतो."

ते चांगले आहेत. गोंधळले. म्हणाले, "मावशी, मले हा एकच कागद देला. बाबाजी जानेवारीत एक सांगते, मार्चातबी थेच, अन आज उलटं. मी काय लिहू वर?" मग गावातील चार-पाच मंडळी काठावर उभी होती, त्यांना त्यांनी विचारले. ज्यांच्या शेतांजवळ पाणी तुंबणार, तीच मंडळी.

ते एकमेकांकडे पाहत होते. मग पाटलांचे थोरले चिरंजीव म्हणाले, "आमाले काय पुसता साहेब? नागोरावजी शिकेल मानूस हाये. त्यायनं मोजनीवाल्याले सांगतलं, थेच बराबर." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "त्याईच्या शब्दाबाहेर गाव नाही."

नागोरावजी. माझ्या आयुष्यात त्या घरातून मला कोणी 'जी' लावले नव्हते.

२४ एप्रिल

मन्सूर साहेबांना भेटण्यास बोरी अरबला गेलो. मैदानात खुंट्यांची भोके होती. तळ महागावकडे गेला. कोणी म्हणाले फुलसावंगी, कोणी म्हणाले त्याही पुढे. नकाशे वरच्या ऑफिसात रवाना झाले. ते ऑफिस कोठे आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते.

११ मे

बांधकाम सुरू. वस्तीतील बरेच जण त्याच कामावर मजुरीस आहेत. उकंडाही. मी त्यास म्हणालो, हे योग्य नाही. तो म्हणाला, "तुनं काढला बान, म्या उचलला धोंडा."

प्रथमच तो स्वतः हसला नाही.

२२ जुलै, रविवार

नाला आला. गावाकडून वस्तीकडे, बांधावरून उड्या घेत. नकाशाच्या विरुद्ध.

सर्व गावाने पाहिले. हरिसिंगही छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "रिपोर्ट करतो, बाबाजी." मी विचारले, बांध हलवता येईल काय? ते छत्रीकडे पाहू लागले.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बांधाच्या पलीकडे पाणी तुडुंब आहे. गावाचे हरभरे उत्तम उगवले आहेत. अलीकडे नाला कोरडा. विहिरीत दोर यंदा आतापासूनच जास्त सोडावा लागतो.

या विषयावर काही उपाय सुचल्यास येथे लिहीन.

११ जानेवारी १९६३, शुक्रवार

वाळूत पाणी लागत नाही. रुखमाबाईने दोन ठिकाणी कोपराएवढे खणून पाहिले. वाटी कोरडीच आली.

आज सकाळी ती व उकंडाची बायको घागरी घेऊन बांधाच्या पलीकडे निघाल्या. तेथे गावच्या स्त्रियांचे भरून होईपर्यंत कडेला उभे राहावे लागते. कोणी मनाई करीत नाही. कायदा आहे. फक्त आधी कोणी भरावयाचे, हे सर्वांना ठाऊक असते.

मी ओट्यावर होतो. विचारले, कोठे निघालीस?

तिने चुंबळ डोक्यावर बसवली, घागर घेतली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

"खाली," ती म्हणाली. "आपन वर राह्यतो ना आता."